कोपरावरची सायकल

बालाघाटाच्या पठारावर राहणाऱ्या माणसाला वाऱ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. आषाढ-श्रावणात आमच्याकडे पश्चिमेकडून असा वारा सुटतो की, छत्री पावसापेक्षा वाऱ्यानेच लवकर मोडते. अलीकडे भूम-वाशीकडच्या माळांवर पवनचक्क्या फिरू लागल्या आहेत. पण त्यांच्या कितीतरी आधी या वाऱ्याचा हिशेब आमच्या दूधवाल्यांनी केला होता. पहाटे खेड्यावरून धाराशिवात (२०२३ पर्यंत सरकारी कागदावर उस्मानाबादेत) येणारा दूधवाला, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना किटल्या अडकवलेल्या, आणि समोरून वारा सुटलेला. अशा वेळी तो काय करायचा? हँडलच्या मुठी सोडायचा, दोन्ही कोपरे हँडलच्या दांडीवर टेकायचा, हातांची बोटे पुढे एकमेकांत गुंतवायचा आणि मान किंचित वर ठेवून पायडल मारत राहायचा. विज्ञानाचे पुस्तक त्याने उघडले नव्हते. मी मात्र पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, आणि वाऱ्याच्या अडथळ्याचा धडा आला की मुलांना त्या दूधवाल्याचेच उदाहरण देत आलो.

हेच आसन यंदा आमच्या घरात शिरले आणि, मंडळी, बरेच महाग होऊन शिरले.

आमची पुतणी, धाकट्या भावाची मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार वर्षांपासून ती सायकलच्या शर्यतींत भाग घेते. तिच्याजवळ शर्यतीची साधी सायकल आहे, म्हणजे जिचे हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले असते ती. तिला इंग्रजीत रोड बाइक म्हणतात. या सायकलीवर तिने तुळजापूरचा घाट कितीदा उतरला आणि चढला असेल याची गणती नाही. पण यंदा तिने राज्याच्या निवड-चाचणीसाठी नाव दिले ते टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत. आणि त्या शर्यतीची सायकल निराळी असते.

ही शर्यत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली नसेल. मुंबई–पुणे सायकल शर्यत म्हटली की सगळे एकदम सुटतात, एकमेकांच्या आडोशाने जातात, बोरघाटात जो पुढे निघेल तो घाटाचा राजा. ती गंमत वेगळी. टाइम ट्रायलमध्ये एकेक स्पर्धक ठरावीक अंतराने एकटाच सुटतो. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. पुढच्याला गाठले तरी त्याच्या पाठीशी लपायचे नाही, अंतर राखून बाजूने निघून जायचे. सगळे भांडण स्वतःशी आणि वाऱ्याशी. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यावरच्या झुंडीच्या शर्यतींवर सायकल संघटनेनेच बंदी घातली, तेव्हा बिडलेक नावाच्या गृहस्थाने १८९५ मध्ये ही तोड काढली. एकेकाला सोडा, घड्याळ लावा, म्हणजे शर्यत चालल्याचे पोलिसांना कळणारही नाही. पुढे कित्येक वर्षे तिथले सायकलवीर भल्या पहाटे, गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालून, गुप्त खुणेच्या रस्त्यांवर या शर्यती करीत. सभ्य लोकांचा इतका सभ्य गुन्हा दुसरा नसेल!

तर मुद्दा सायकलीचा. पुतणीच्या ओळखीतल्या पुण्याच्या एका गृहस्थांनी गोव्याच्या आयर्नमॅन स्पर्धेसाठी अशी सायकल घेतली होती. गोव्यात २०१९ पासून ही पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी स्पर्धा होते. त्यात सायकलीचे ९० किलोमीटर असतात, तेही एकमेकांच्या आडोशाशिवाय. त्यामुळे आपल्या शहरांतल्या लोकांना ही सायकल दिसली ती बहुतेक तिथेच. या गृहस्थांचा गुडघा दुखू लागला. त्यांनी सांगितले, ‘दिवाळीपर्यंत वापरा. जमली तर विकत घ्या, नाही तर परत द्या.’ किंमत त्यांनी वाजवी सांगितली. पण ती वाजवी किंमतसुद्धा एका नव्या स्कूटरइतकी होती. आकडा ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, ‘स्कूटरला निदान इंजिन तरी असते.’

नागपंचमीच्या सुमारास ती सायकल घरी आली. अंगाने चपटी, सुरीच्या पात्यासारखी. हँडलला दोन आडवी शिंगे, त्यांच्या टोकांना ब्रेक. मध्यभागी कोपरे टेकायला दोन गाद्या आणि त्यांच्यापुढे दोन दांड्या निघालेल्या, त्यांच्या टोकांना गिअर. आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्याने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. पन्नास वर्षांचा अनुभवी माणूस. तो म्हणाला, ‘गुरुजी, हिच्या ब्रेकची वायर कुठून आत शिरते आणि कुठून बाहेर येते तेच दिसत नाही. हिला हात लावायचा तर आधी डॉक्टरकी शिकावी लागेल.’ तरी पुढे दोन महिने त्यानेच ती सांभाळली, हे इथे सांगितले पाहिजे.

मीही एकदा तिच्यावर बसून पाहिले. रस्त्यावर नव्हे, घरात, मागचे चाक घोडीवर पक्के अडकवलेले असताना. मी सायकल शिकलो ती तासाला चार आणे भाड्याच्या काळ्या सायकलीवर, मधल्या दांडीखालून पाय घालून, कैची मारत. तेव्हापासून सायकलीवर ताठ बसायचे एवढेच मला ठाऊक. या सायकलीवर कोपरे टेकले आणि माझ्या नजरेपुढे फक्त जमीन आली. समोर पाहण्यासाठी मान वर केली, तर पाच मिनिटांत मानेच्या मुळाशी कोणी चिमटा धरावा तसे झाले. पुतणी हसली नाही. ती म्हणाली, ‘काका, मलाही असेच होते.’ तेव्हा माझ्या लक्षात आले की पोरगी मनातून घाबरली आहे.

आता थोडे विज्ञान; कंटाळा करू नका. सपाट रस्त्यावर जोरात सायकल चालवणारा माणूस आपली बहुतेक ताकद वाऱ्याला बाजूला सारण्यात खर्च करतो. चाकाचे घर्षण, साखळीचे घर्षण हा भाग त्यामानाने किरकोळ. शिवाय वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. म्हणजे ताशी ३० किलोमीटरवरून ३६ वर जायचे तर वेग वाढतो सव्वापटीहूनही कमी. पण वाऱ्याशी लढायला पावणेदोन पट ताकद लागते. एवढी ताकद कोणत्या खुराकाने येणार? त्यापेक्षा अडथळाच कमी करावा. आणि अडथळ्याचा मोठा वाटा, साधारण पाऊण हिस्सा, सायकलीचा नसून वर बसलेल्या माणसाचा असतो. पोकळ नळ्या चपट्या करून मिळते ते थोडे. छाती आणि खांदे वाऱ्याच्या वाटेतून काढून घेतले म्हणजे मिळते ते पुष्कळ. दूधवाल्याने हेच ओळखले होते.

या गोष्टीचा जगाला पटेल असा पुरावा १९८९ च्या जुलैत मिळाला. टूर दि फ्रान्स या तीन आठवडे चालणाऱ्या, सव्वातीन हजार किलोमीटरहून लांब शर्यतीचा शेवटचा टप्पा व्हर्साय ते पॅरिस असा साडेचोवीस किलोमीटरचा होता, आणि तो होता टाइम ट्रायल. फ्रान्सचा लोराँ फिन्यों एकूण वेळेत ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड दुसरा. एवढ्याशा अंतरात ५० सेकंद भरून काढणे अशक्य, असे जाणकार मानत होते. लेमाँडच्या हँडलला तिहेरी स्पर्धेतल्या खेळाडूंकडून आलेल्या, कोपरे टेकायच्या दांड्या होत्या, फिन्योंच्या नव्हत्या. लेमाँडने तो टप्पा फिन्योंपेक्षा ५८ सेकंद कमी वेळात संपवला, आणि सबंध शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. लोक एवढीच हकिकत सांगतात. मला मात्र तिच्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. त्या दांड्या त्याने त्या दिवशी पहिल्यांदा बांधल्या नव्हत्या. त्याच शर्यतीतल्या आधीच्या टाइम ट्रायललाही त्या त्याच्या सायकलीवर होत्या. शरीराला त्या आसनाची ओळख झालेली होती.

आमच्या घरी नेमका हाच प्रश्न पडला होता. चाचणीला जेमतेम दोन महिने. ओळखीच्या जुन्या सायकलीवर जावे की या नव्या, परक्या आसनावर भरवसा टाकावा?

पहिल्या आठवड्यात पुतणी बाहेर गेलीच नाही. घोडीवर चढवलेल्या सायकलीवर घरातच पाच मिनिटे कोपरांवर, पाच मिनिटे हात शिंगांवर, पुन्हा पाच मिनिटे कोपरांवर, असा क्रम. पंख्याखाली घामाचे तळे होई. कोपरांच्या गाद्या मुद्दाम उंच ठेवल्या होत्या. खाली तीन सेंटिमीटर जाडीच्या चकत्या. आठ-दहा दिवसांनी एक सेंटिमीटर काढायची, मग आणखी एक. पहिल्याच दिवशी वाऱ्यासारखे सपाट व्हायला जाणाऱ्याची मान आणि कंबर आठवड्यात संप पुकारतात.

या सायकलीतली सर्वांत हुशारीची गोष्ट मला याच आठवड्यात उमगली, आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याला वाटते, या सायकलीवर माणूस अधिक वाकलेला असतो. तसे नाही. तो पुढे फिरवलेला असतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाला खुर्चीसकट पुढे कलते करावे तसा. रोड बाइकची सीटखालची नळी जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करते. हिच्यात तो कोन ७६-७८ च्या घरात. त्यामुळे सीट पुढे सरकते, थोडी वर जाते आणि सगळे शरीर पायडलच्या मधल्या आसाभोवती पुढे फिरते. मांडी आणि धड यांच्यातला कोन जवळपास पहिल्याइतकाच राहतो. रोड बाइकची सीट तशीच मागे ठेवून नुसते हँडल खाली नेले तर काय होईल? गुडघे पोटाला लागतील, श्वास कोंडेल आणि पायातले बळ जाईल. रोड बाइकवर बाहेरून लावायच्या कोपरदांड्या मिळतात, त्या स्वस्त आहेत आणि सुरुवातीला उपयोगीही आहेत. पण त्यांची मर्यादा ही. सीट थोडी पुढे घेतल्याशिवाय त्या लावणारा माणूस फार दिवस सुखी राहत नाही.

वजनही जागा बदलते. ते हातांच्या तळव्यांवरून उठून कोपरांशी येते, आणि तिथे हाडांनी ते पेलायचे असते, स्नायूंनी नव्हे. पुतणी पहिले दहा दिवस खांदे आवळून बसत असे. ‘उशीवर डोके टाकावे तसे कोपर टाक,’ असे मी तिला सांगे. ते जमायला तीन आठवडे गेले.

आणि एक अडचण अशी होती की ती मला कोणी सांगितली नाही. शरीर पुढे फिरले म्हणजे माणूस सीटच्या रुंद भागावरून उठून तिच्या नाकावर येऊन बसतो. तिथे दाब नको त्या जागी पडतो. पोरगी आठवडाभर घुम्यासारखी वागत होती. जेवणावर लक्ष नाही, सायकल म्हटले की टाळाटाळ. काकांना सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. शेवटी स्वयंपाकघरात तिने ती काकूला सांगितली. आमच्या सौ.नी एरवी या सायकलीला एक चांगला शब्द दिला नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी पुतणीला घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना गाठले. तीन दिवस सायकल बंद, आणि सीट बदला, असा सल्ला मिळाला. पुढचा भाग मधोमध दुभंगलेला आणि नाक आखूड, अशी सीट या कामासाठी मिळते. ती मागवली आणि त्रास पुष्कळ कमी झाला. हे मी मुद्दाम लिहितो. आपल्या घरांतल्या मुली खेळात पुढे जात आहेत, आणि अशा गोष्टी बोलायच्या नाहीत या संकोचापायी किती जणींनी खेळ सोडला असेल कोण जाणे. ज्या घरात एखादी काकू ऐकून घेणारी आहे तिथे ठीक.

रस्त्यावरची गोष्ट आणखी निराळी. या सायकलीचे सुकाणू हळवे. दोन्ही हात मध्यभागी जवळजवळ, पुढच्या चाकावर भार अधिक. मान वळवून मागे पाहिले तरी सायकल त्या बाजूला झुकते. हँडल फिरवून नव्हे, अंग कलवून वळायचे. उंच रिमचे चाक असले की आडवा वारा त्याला शिडासारखा धरतो, आणि शेजारून ट्रक गेला की आधी ओढतो, मग ढकलतो. पठारावरचा आमचा वारा ओळखून पुतणीने पुढे साध्या, बुटक्या रिमचे चाक घातले. दोन-चार सेकंद गेले तर जाऊ देत, असे तिचे तिनेच ठरवले, आणि मला ते आवडले.

पण खरी काळजी ब्रेकची. कोपरांवर असताना हाताशी गिअर असतात, ब्रेक नसतात. ब्रेक लावायचा तर हात उचलून शिंगांवर न्यावे लागतात. त्याला एक सेकंद धरा. ताशी ३६ किलोमीटरच्या वेगाने सायकल एका सेकंदात दहा मीटर जाते. आता आमचे रस्ते डोळ्यांपुढे आणा. सोलापूर–येडशी चौपदरी रस्ता झाला हे खरे; पण त्याच्यावर उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल आहे, दुभाजकाच्या फटीतून निघणारी म्हैस आहे. आश्विनात सोयाबीन काढले की लहान रस्त्यांवर अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत पडलेले असते. शेतकऱ्याचा त्यात काही दोष नाही, दुसरे सपाट खळे त्याने आणायचे कुठून? पण गोल दाण्यांवर अरुंद टायर गेले की काय होते ते सांगायला नको.

आमच्या सौ.नी नियम केला, आणि तो पुतणीच्या खोलीच्या दारावर चिकटवला. वस्ती दिसली की कोपर वर. चौक, फाटा, उतार, जनावर, पाठमोरा माणूस दिसला की कोपर वर. कोपरांवर फक्त मोकळ्या, दूरवर दिसणाऱ्या रस्त्यावर. मी मोटारसायकलीवर मागे राहायचे, पुढे नाही. पुढे गेलो तर आडोसा होतो आणि वेळ खोटी ठरते.

भाद्रपद संपला आणि तुळजापूरचा रस्ता हातचा गेला. नवरात्राच्या आधीपासून तिथे माणसांचा पूर येतो. गावोगावची पोरे देवीची ज्योत घेऊन अनवाणी पळत आपापल्या गावी निघतात. बायका-माणसे चालत येतात, रात्री-पहाटेसुद्धा. अशा रस्त्यावर मान खाली घालून सायकल हाणणे हा मूर्खपणा तर आहेच, पण आमच्या गावात त्याला पापही म्हणतील. आम्ही येडशीच्या बाजूला सरकलो. तिथला एक तुकडा आधीच मोजून ठेवला होता. दहा किलोमीटर जायचे, दहा यायचे. जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तोंडावर. हिशेब बराचसा फिटतो.

याच रस्त्यावर तिची रोड बाइकवरची वेळ होती ३५ मिनिटे १० सेकंद. नव्या सायकलीवर तीन आठवड्यांनंतर पहिली मोजणी केली. ३५ मिनिटे २५ सेकंद!

त्या संध्याकाळी घरात कोणी कोणाशी बोलले नाही. धाकटा भाऊ एवढेच म्हणाला, ‘दादा, एवढ्या पैशाला उलट पंधरा सेकंद?’ मी त्याला समजावले की हे अपेक्षितच आहे. नव्या आसनात मांड्यांचे निराळे स्नायू निराळ्या टप्प्यावर कामाला लागतात. शरीराला ती ताकद एकदम सापडत नाही. वाऱ्यात वाचते ते पायांत गमावले जाते. चार-सहा आठवडे त्याच आसनात सराव झाला की पायांचे बळ परत येते आणि वाऱ्यातली बचत शिल्लक पडते. त्याने मान हलवली. पण त्याची खात्री पटली नव्हती, आणि खरे सांगायचे तर पुतणीचीही नव्हती. तिने दुसऱ्या दिवशी जुनी सायकल काढली आणि एकटीच तासभर फिरून आली. आल्यावर म्हणाली, ‘काका, हिच्यावर मी रागसुद्धा काढू शकते. तिच्यावर राग आला की ती हलते.’

तरी तिने सोडले नाही. आठवड्यातून चार दिवस नवी, दोन दिवस जुनी, असा क्रम ठेवला. चढासाठी आणि मैत्रिणींबरोबरच्या सवारीसाठी जुनीच. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजले. त्या दिवशी सकाळी आधी जुनी, मग दीड तास विश्रांती, मग नवी. एकच दिवस, एकच वारा. जुनीवर ३४ मिनिटे ५० सेकंद. नवीवर, थकलेल्या पायांनी, ३३ मिनिटे ४० सेकंद. माझ्या हातातले घड्याळ तिने दोनदा पाहिले.

इथे संपले असते तर बरे झाले असते; पण नियम आडवा आला. तिहेरी स्पर्धेत सीट बरीच पुढे चालते. सायकल संघटनांच्या शर्यतींत सीटचे टोक किती पुढे असावे याला मर्यादा आहे, आणि सुटण्यापूर्वी सायकल मोजून पाहतात. या बाबतीत अधिकारी मंडळी पूर्वीपासून कडक. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री या सायकलवीराने घरी बनवलेल्या, धुलाईयंत्राचे बेअरिंग घातलेल्या सायकलीवर १९९३ मध्ये एका तासात ५१.५९६ किलोमीटर जाऊन विश्वविक्रम केला होता. हात छातीखाली दुमडून बसण्याचे त्याचे आसन पुढच्याच वर्षी नियमबाह्य ठरवले गेले. आमची गोष्ट त्यामानाने क्षुल्लक. पुण्याच्या गृहस्थांची सीट गोव्याच्या हिशेबाने लावलेली होती, ती दोन बोटे मागे घ्यावी लागली. चाचणीला तेव्हा सतरा दिवस उरले होते. दोन बोटे म्हणजे काय, असे तुम्ही म्हणाल. पण सीट मागे गेली की मांडी आणि पोट यांच्यातला कोन पुन्हा मिटतो. म्हणून कोपरांखाली काढलेली एक चकती परत घालावी लागली. म्हणजे थोडा वारा पुन्हा छातीवर. पुतणीने तक्रार केली नाही. तिने फक्त पट्टीने मोजून सीटच्या नळीवर नेलपॉलिशची रेघ ओढली आणि सांगितले, ‘आता हिला कोणी हात लावायचा नाही.’

चाचणी पुण्याच्या बाजूला झाली, दसऱ्यानंतर. वीस किलोमीटर, दर मिनिटाला एकजण. सायकल मापात बसली. एकजण मागून सीट धरतो, पंच बोटांनी पाच-चार-तीन मोजतो, आणि मुलगी एकटी निघून जाते. बघणाऱ्याला पुढे काही दिसत नाही. पालकांना इतका छळणारा खेळ दुसरा नसेल. तेहतीस मिनिटे धाकटा भाऊ एका पिंपळाखाली उभा होता आणि मी घड्याळाकडे पाहत होतो. ती परत आली ती कोपरांवरच, मान स्थिर, पुढे सुटलेल्या एका मुलीला अंतर राखून मागे टाकत. वेळ ३३ मिनिटे २१ सेकंद.

चौघींची निवड व्हायची होती. ती पाचवी आली, चौथीपेक्षा ११ सेकंदांनी मागे. राखीव म्हणून नाव लागले आहे. कोणी गळाले तर बोलावतील. पहिल्या चौघींपैकी तिघी दोन-तीन वर्षे याच प्रकारच्या सायकलीवर आहेत, हे तिने स्वतःच त्यांना विचारून घेतले. परतताना मोहोळच्या पुढे गाडीत ती म्हणाली, ‘चकती अजून एक काढता येईल, काका. घाई केली नाही तर.’ मग झोपली.

आता राहिला पैशाचा प्रश्न. पुण्याच्या गृहस्थांचा परवा फोन आला. पाडव्यापर्यंत थांबतो, म्हणाले; त्यांच्याकडे दुसरे गिऱ्हाईक आहे. कालपासून धाकटा भाऊ कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेत आकडे मांडतो आहे. एका बाजूला सायकलीची किंमत, दुसऱ्या बाजूला कॉलेजची फी, वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन, आणि त्याचा स्वतःचा, तीन वर्षे पुढे ढकललेला, घराच्या गच्चीचा गिलावा. गिलाव्यावर त्याने काट मारली आहे आणि ती पुन्हा खोडली आहे. आमच्या सौ. चकल्या तळता तळता त्याला म्हणाल्या, ‘भावजी, गच्ची आणखी एक पावसाळा काढील.’ त्याने उत्तर दिले नाही. पेन्सिलीला टोक करायला तो आत गेला.